सुई कुणी टोचायची?

लहान मुलाच्या पोटात गाठ असल्याचं कळलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक वडीलधाऱ्यांचं: ‘सुई लावू देऊ नका, धक्का लागला की पसरतं.’ दुसरं पांढऱ्या कोटातलं: ‘साधी सुई आहे, काही होत नाही.’ या दोन वाक्यांच्या आता दोन फळ्या झाल्या आहेत. एकीला दुसरी धंदेवाईक वाटते, दुसरीला पहिली अडाणी. भांडण एकाच मुद्द्यावर चालतं, तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणाऱ्या सुईने कॅन्सर पसरतो की नाही. त्या गदारोळात मुलाच्या बाबतीत प्रत्यक्षात काय बिघडतं, हे बोलायचं राहूनच जातं. बिघडतं ते बहुधा असं: सुई चुकीच्या बाजूने जाते, तुकडा अपुरा येतो, आलेला तुकडा चुकीच्या बाटलीत पडतो आणि कितीतरी दिवसांनी हातात ‘स्मॉल राउंड सेल ट्यूमर, पुढील तपासणीचा सल्ला’ एवढ्या एका ओळीचा रिपोर्ट येतो, म्हणजे लहान गोल पेशींची गाठ, पण कोणती ते ठाऊक नाही. गाठ तोवर वाढलेली असते आणि आईवडील पुन्हा पहिल्या पायरीवर उभे असतात.

म्हणून बाजू सुरुवातीलाच स्पष्ट करतो. सोनोग्राफी किंवा सीटीच्या पडद्यावर बघत, जाड सुईने गाठीचे तुकडे काढणं, म्हणजे सुईची बायोप्सी, ही मुलांच्या बहुतेक घट्ट गाठींच्या निदानाची पहिली पायरी असायला हवी. मात्र ती सुई जिथे पुढचे उपचार होणार तिथेच टोचली जावी, किंवा निदान त्या केंद्रातल्या सर्जनशी बोलून ठरवलेल्या मार्गाने. काही गाठींना सुई वर्ज्य आहे. त्यांची यादी छोटी आहे, पण ती पाठ नसलेल्या माणसाने मुलाच्या गाठीला हात लावू नये.

तुकडा हवाच कशाला? सीटी आणि एमआरआय गाठ कुठे आहे, केवढी आहे, कोणत्या रक्तवाहिनीला बिलगली आहे हे उत्तम सांगतात. ती कशाची आहे, हे मात्र बऱ्याचदा अंदाजाने. न्यूरोब्लास्टोमा, युइंग सार्कोमा, रॅब्डोमायोसार्कोमा, लिम्फोमा या मुलांमधल्या चार कॅन्सरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा लहान, गोल आणि निळ्या दिसतात. डेस्मिन, मायोजेनिन, सीडी 45, सीडी 99, फॉक्स2बी अशा प्रथिनांसाठी वेगवेगळे रंग लावून त्यांची ओळख पटवावी लागते. ओळख पटल्यावर मात्र चौघांच्या वाटा पार वेगळ्या होतात. बर्किट लिम्फोमाच्या पेशी साधारण एका दिवसात दुप्पट होतात. तिथे पोट उघडून गाठ काढत बसणं म्हणजे वेळ घालवणं, केमो ताबडतोब सुरू व्हायला हवी. न्यूरोब्लास्टोमात नुसतं नाव कळून भागत नाही. ‘मिक-एन’ या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, यावर एकाच वयाच्या दोन बाळांपैकी एकाला जेमतेम उपचार आणि दुसऱ्याला अत्यंत कडक उपचार, इतका फरक पडतो. तान्ह्या बाळाच्या हातापायावरच्या फायब्रोसार्कोमात ‘एनट्रॅक’ जनुक दुसऱ्या जनुकाशी जोडलं गेलेलं सापडलं, तर 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लॅरोट्रेक्टिनिब हे तोंडाने द्यायचं औषध आहे. कधीकाळी ज्या बाळाचा पाय कापावा लागला असता, त्याच्यासाठी पातळ औषधाची बाटली. यातलं काहीही सीटीच्या फिल्मवर वाचता येत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक फाटा आहे, क्षयाचा. मानेत किंवा पोटात गाठी, ताप, वजन उतरलेलं, म्हणजे टीबीच असेल, असं धरून सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. बऱ्याचदा तो टीबीच असतो, हे मान्य. पण नसतो तेव्हा हॉजकिन लिम्फोमाचं मूल ते सहा महिने चुकीच्या गोळ्या गिळत काढतं. मणक्याचं हाड चपटं झालं की टीबी म्हणायची आपल्याला सवय आहे. लॅंगरहान्स पेशींचा आजारही नेमका तसंच हाड चपटं करतो. सुईला घाबरणारं घर सहा महिन्यांच्या तीन-चार औषधांना घाबरत नाही. हे कसं काय?

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो टिंगलीवारी नेण्यासारखा नाही. सुईच्या मार्गात पेशी सांडू शकतात. ही अफवा नव्हे, नोंदलेली गोष्ट आहे. डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमात सुई घालत नाहीत, कारण डोळ्याच्या गोळ्यात बंदिस्त असलेला आजार बाहेर आला की बरं होऊ शकणारं मूल धोक्यात येतं. तिथे डोळ्याची तपासणी, सोनोग्राफीत दिसणारे चुन्याचे कण आणि एमआरआय यांवरच निदान करतात. वृषणाच्या गाठीला अंडकोशातून सुई लावणं चूक. ती जांघेतून छेद घेऊन नळीसकट काढतात. अंडाशयाची गाठ सहसा अख्खी काढायची असते, फोडायची किंवा टोचायची नसते. आणि मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरबाबत तर जगात दोन घराणीच आहेत. अमेरिकी घराणं म्हणतं, शक्य असेल तर आधी मूत्रपिंड काढा. तिथे आधी सुई लावली, तर तेवढ्यानेच आजार तिसऱ्या स्टेजचा धरला जातो, म्हणजे कुशीला रेडिएशन आणि केमोत डॉक्सोरुबिसिन या औषधाची भर. युरोपी घराणं म्हणतं, वय आणि चित्र नेहमीसारखं असेल तर सुईशिवायच केमो सुरू करा, गाठ आकसू द्या, मग शस्त्रक्रिया. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये बालकर्करोगासाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात अग्रक्रमाने निवडलेल्या सहा आजारांत रेटिनोब्लास्टोमा आणि विल्म्स हे दोन्ही आहेत. म्हणजे सुईचे अपवाद कुठल्यातरी कोपऱ्यातले दुर्मीळ नमुने आहेत असंही नाही.

मग ‘सुई लावू नका’ म्हणणाऱ्या मावशी बरोबर ठरल्या का? विल्म्सचीच कथा पुढे वाचली तर उत्तर मिळतं. ब्रिटनने 1991 पासून दहा वर्षं चाललेल्या चाचणीत तिसरा रस्ता धरला: आधी सुईने तुकडा, मग केमो. चित्रावरून विल्म्स वाटलेल्या मुलांपैकी सुमारे 12 टक्क्यांत गाठ वेगळीच निघाली. कुणाची क्लिअर सेल सार्कोमा, कुणाची रॅब्डॉइड, क्वचित कुणाची सौम्य. सुईच्या मार्गात पुन्हा गाठ येण्याचे प्रकार बोटांवर मोजण्याइतके. त्याच वेळी सुईच्या मर्यादाही उघड झाल्या: विल्म्समधला घातक ‘अनाप्लेसिया’, म्हणजे पेशींचं बेढब रूप, गाठीच्या एखाद्या कोपऱ्यात दडलेला असतो आणि चार-सहा तुकड्यांत तो न सापडण्याचीच शक्यता जास्त. पुढे युरोपी गटाने यातून व्यवहारी धडा घेतला. सरसकट सगळ्यांना सुई नको. पण मूल वयाने मोठं असेल, चित्र विचित्र असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, रक्तातलं कॅल्शियम किंवा एलडीएच हे एन्झाइम फार वाढलं असेल, तर सुईचा विचार करा. सहा महिन्यांखालच्या बाळात मात्र आधी शस्त्रक्रिया, कारण त्या वयात गाठ निराळ्या जातीची असण्याची शक्यता वाढते. आणि या गटाचा एक नियम सगळ्यांनी नीट वाचावा: पाठीमागून किंवा कुशीतून घातलेल्या सुईने स्टेज वाढत नाही, पोट उघडून केलेल्या बायोप्सीने वाढते. सांडण्याची भीती खरी धरली तरी तिचं माप सुईला लहान आणि चाकूला मोठं आहे.

पसरण्याच्या भीतीने वैद्यकाला पूर्वी काय करायला लावलं, याचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. अमेरिकी सर्जन हॉल्स्टेड यांनी 1894 मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं खरवडून काढणारी शस्त्रक्रिया छापून प्रसिद्ध केली. तिच्याभोवती एक रीत रुजली: गाठीचा तुकडा काढायचा तो मोठ्या शस्त्रक्रियेच्या भुलेतच, तिथल्या तिथे गोठवून तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर बाईला शुद्धीवर न आणता स्तन काढून टाकायचा. तर्क हाच, की तुकडा काढून थांबलं तर पसरेल. पाऊण शतक बायका सही करून भुलेत जात आणि जाग आल्यावर छातीला हात लावून निकाल समजून घेत. 1974 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्याबाबतीतही तेच झालं. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी स्वतःच्या गाठीसाठी आधी फक्त बायोप्सी करा, निकाल मला सांगा, मग बोलू, असा आग्रह धरला आणि सर्जनांशी उभा दावा मांडला. 1979 मध्ये अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने निदान आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या मानल्या. पसरण्याचा जो बागुलबुवा उभा केला होता, तो मधल्या काही दिवसांत कुठे दिसलाच नाही. मुलांच्या गाठीबाबत आज ‘थेट काढूनच टाका ना’ म्हणणारे नेमक्या त्या जुन्या रांगेत उभे आहेत.

‘थेट काढा’ या मताला पण एक प्रामाणिक आधार आहे, तो झाकून ठेवता येणार नाही. अख्खी गाठ पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर आली तर निदानाला शंका उरत नाही. सुईचा तुकडा किती असतो? 18 गेजची सुई बाहेरून 1.2 मिलिमीटर जाड. तिच्यातून निघणारा धागा जेमतेम 1 मिलिमीटर रुंद आणि दीड सेंटीमीटर लांब, वजनाला 10 मिलिग्रॅमच्या आसपास. असे सहा धागे म्हणजे तांदळाचे तीनेक दाणे. नारळाएवढ्या गाठीबद्दल तीन दाण्यांवरून बोलायचं! पण मुलांच्या गाठी ‘काढता’ येण्याजोग्या असतात का, हा प्रश्न आधी विचारा. पोटातला न्यूरोब्लास्टोमा महाधमनीला आणि आतड्याच्या रक्तवाहिन्यांना विळखा घालून बसतो. पहिल्याच दिवशी तो सोडवायला गेलं तर मूत्रपिंड किंवा जीव गमावण्याची वेळ येते. केमोने आकसल्यावर तीच शस्त्रक्रिया खूप सोपी होते. लिम्फोमाला तर शस्त्रक्रियेचा उपयोगच नाही. आणि नुसता तुकडा काढायला पोट उघडलं, तर जखम भरेपर्यंत केमो थांबते. सुईच्या टोचणीला दुसऱ्या दिवशी पट्टीही लागत नाही. गरज असेल तर त्याच संध्याकाळी केमो लावता येते. नीट केलेल्या जाड सुईच्या बायोप्सीत मुलांच्या दहातल्या नऊहून अधिक गाठींचं निदान होतं, असं वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांचे अनुभव सांगतात. उरलेल्या एखाद्यासाठी चाकू हाताशी आहेच.

तिसरी फळी नवी आहे आणि तिचा आवाज वाढतो आहे. तिचं म्हणणं, आता स्कॅन इतके चांगले झालेत, रक्ताच्या थेंबात कॅन्सरचा डीएनए सापडतो, संगणक चित्र वाचतो. मग टोचायचं कशाला? काही ठिकाणी हे खरंच आहे. यकृताच्या गाठीत रक्तातलं एएफपी हे प्रथिन आकाशाला भिडलेलं असतं तेव्हा निदानाचा अर्धा रस्ता रक्ताच्या तपासणीनेच कापलेला असतो (नवजात बाळाचं एएफपी मुळातच खूप वाढलेलं असतं, ते वयाच्या तक्त्यावर पाहावं लागतं, हे विसरून घोळ होतात). सहा महिन्यांखालच्या बाळाच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतली छोटी गाठ नुसती नजरेखाली ठेवली तरी बहुतेकदा आपोआप विरते. पण ‘चित्र पुरेसं आहे’ या आत्मविश्वासाची किंमत काय असते, हे मेंदूच्या देठातल्या गाठीने दाखवून दिलं आहे. 1993 मध्ये अमेरिकेतल्या बालकर्करोग गटाने जाहीर केलं, की देठात पसरलेल्या ग्लायोमासाठी, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीसाठी, एमआरआय पुरे, बायोप्सी नको. सल्ला दयेपोटी होता. जागा नाजूक आणि तुकड्याने उपचार बदलत नव्हते. परिणाम असा झाला, की हा आजार मुळात आहे तरी काय, हे तपासायला जगात तुकडेच उरले नाहीत. पॅरिसच्या नेकर रुग्णालयाने चौकटीला डोकं बसवून सुईने तुकडे काढायचं काम चालू ठेवलं, आणि ते सुरक्षितपणे करता येतं हे दाखवलं. 2012 मध्ये शवविच्छेदनातले आणि असे मोजके तुकडे तपासून एच3 के27एम हा जनुकीय बदल सापडला; 2016 च्या जागतिक वर्गीकरणात आजाराचं नावच त्यावरून बदललं; आणि ऑगस्ट 2025 मध्ये हा बदल असलेल्या, उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधाला अमेरिकेत सशर्त मान्यता मिळाली. औषध जादूचं नाही. पण जवळजवळ वीस वर्षं आपण ज्या गाठीचं फक्त चित्र बघत राहिलो, तिच्याबद्दल त्या वीस वर्षांत काही शिकलो का?

एवढं बोलून झाल्यावर सुईच्या बाजूची माणसं सहसा थांबतात, टाळ्या घेतात. खरा वाद इथून सुरू व्हायला हवा. कारण ‘साधी सुई आहे, काही होत नाही’ हे वाक्यही तेवढंच घातक आहे.

अमेरिकेतले हाडांचे सर्जन मॅंकिन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या घातक गाठी असलेल्या 329 रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या. 18 टक्क्यांत निदानाची मोठी चूक. 15 जणांचा, म्हणजे साडेचार टक्क्यांचा, अवयव निव्वळ बायोप्सी चुकल्यामुळे कापावा लागला. चौदा वर्षांनी, 1996 मध्ये, त्याच मंडळींनी 597 रुग्ण पाहिले. चित्र फारसं सुधारलं नव्हतं. 18 जणांचे अवयव नाहक गेले. दोन्ही वेळा एक गोष्ट ठळक होती: उपचार करणाऱ्या केंद्राबाहेर, आधीच्या रुग्णालयात केलेल्या बायोप्सीत गडबडी कित्येक पटींनी जास्त. यातल्या बऱ्याच बायोप्सी चाकूच्या होत्या आणि रुग्ण सगळे मुलं नव्हते, हे मान्य करूनही मुद्दा टिकतो. गुडघ्याजवळच्या ऑस्टिओसार्कोमात, म्हणजे हाडाच्या कॅन्सरात, सुईचा मार्गसुद्धा पुढे गाठीसोबत कापून काढायचा असतो. म्हणून तो भावी छेदाच्या रेषेवर, अंगाच्या लांबीला धरून असावा लागतो. खांद्याजवळच्या हाडाला सुई डेल्टॉइड स्नायूच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यातून जाते, कारण त्या स्नायूला चेतना देणारी नस मागून येते. मागून टोचलं तर मार्ग काढताना ती नस वाचवता येत नाही आणि हात उचलण्याची ताकदच जाते. ही गोष्ट रेडिओलॉजिस्टला एकट्याने ठरवता येत नाही. शेवटी छेद घेणारा सर्जन शेजारी उभा असायला हवा, किमान फोनवर तरी.

पोटात नियम वेगळे, तत्त्व तेच. मूत्रपिंड किंवा त्यामागच्या गाठीला सुई पाठीतून किंवा कुशीतून, पोटाच्या पडद्याला न शिवता. यकृताच्या गाठीला सरळ पृष्ठभागावरून नव्हे. आधी सेंटीमीटरभर तरी निरोगी यकृतातून, म्हणजे सुई निघाल्यावर तो भाग दाबला जाऊन रक्त थांबतं, आणि तेही पुढे काढल्या जाणाऱ्या भागातूनच. यकृतात घट्ट गाठीऐवजी पाण्याची गाठ दिसली आणि घरी कुत्री-मेंढरं असतील, तर आधी हायडॅटिड, म्हणजे या प्राण्यांमधल्या कृमीमुळे होणारी गाठ, नाही ना ते बघायचं. ती फुटली तर मुलाला तीव्र अॅलर्जीचा झटका येऊ शकतो. रक्तदाब चढलेल्या मुलाच्या अधिवृक्काच्या गाठीला संप्रेरकांची तपासणी केल्याशिवाय सुई लावणं म्हणजे सुरुंगाला काडी लावणं. रक्ताच्या प्लेटलेट 50,000 च्या वर आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचं माप, 1.5 च्या खाली हवा. पोट रिकामं: घन अन्न आणि वरचं दूध सहा तास, आईचं दूध चार, साधं पाणी दोन. सुन्न करण्याच्या औषधाचा हिशेब मोठ्यांसारखा ढोबळ चालत नाही: साधं लिग्नोकेन किलोमागे 3 मिलिग्रॅम धरलं, तर 10 किलोच्या बाळाला एक टक्क्याचं फक्त 3 मिलिलिटर. मोठ्यांच्या हिशेबाने 10 मिलिलिटरची सिरिंज रिकामी झाली, तर झटके येण्याची पाळी.

सगळ्यात नाजूक प्रसंग छातीच्या मधल्या गाठीचा. मूल आडवं झोपू शकत नाही, उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपतं, ही खूण बायोप्सीच्या कागदावर लाल शाईने लिहायला हवी. भूल दिली की स्नायू सैल पडतात, गाठ श्वासनलिकेवर बसते आणि नळी घालूनही हवा जात नाही. सीटीत श्वासनलिकेचं तोंड वयाच्या मानाने निम्म्याहून कमी उरलं असेल, तर पूर्ण भुलेचा विचार सोडून द्यावा. आधी मानेतली गाठ चाचपावी, छातीत पाणी असेल तर ते काढून त्यातल्या पेशी बघाव्यात, अस्थिमज्जा तपासावी; तिथे निदान झालं तर छातीला सुई लावायचीच गरज नाही. लागलीच तर मूल बसतं ठेवून, जागा सुन्न करून, सोनोग्राफीखाली. इथे एक चूक वारंवार होते: श्वास लागतो म्हणून कुणीतरी आधीच स्टेरॉइड देतं. लिम्फोमाच्या पेशी त्याने एक-दोन दिवसांत विरू लागतात आणि तुकड्यात फक्त मेलेल्या पेशी मिळतात. जीव वाचवायला स्टेरॉइड द्यावंच लागलं तर द्यावं. पण सवयीने देऊ नये.

मग प्रत्यक्ष टोचणं. ते खरं तर या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम. बाहेरची नळी एकदाच गाठीच्या कडेपर्यंत न्यायची आणि तिच्यातून स्प्रिंगची सुई पुन्हा पुन्हा घालायची, म्हणजे गाठीच्या वेष्टनाला एकच भोक पडतं. सुईची झेप जिथवर जाते त्याच्या पुढे काय आहे ते आधी मोजायचं. 22 मिलिमीटर झेप घेणारी सुई तान्ह्या बाळाच्या पोटात सहज पलीकडे पोचते, तिथे 11 ची वापरतात. गाठीचा मधला भाग बहुधा सडलेला असतो. डॉप्लरमध्ये जिथे रक्त वाहताना दिसतं त्या जिवंत कडेतून, वेगवेगळ्या दिशांनी सहा ते दहा धागे. शेवटी नळीतून रक्त थांबवणाऱ्या जेलफोमची बत्ती सोडत बाहेर यायचं. 10 किलोच्या मुलाच्या अंगात एकूण रक्तच पाऊण लिटर असतं. पोटात दीडशे मिलिलिटर साचलं तर पाचवा हिस्सा गेला. आणि मुलं फसवतात. नाडी आधी वाढते, रक्तदाब शेवटी, एकदम पडतो. म्हणून पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नाडी. ‘बीपी नॉर्मल आहे’ या दिलाशावर घरी सोडणं हा गाफीलपणा आहे.

आणि मग तुकड्यांची वाट लागते ती टेबलापासून बाटलीपर्यंतच्या चार फुटांत. सुईवरून धागा चिमट्याने ओढला की त्या निळ्या पेशी चिरडून शाईच्या ओघळासारख्या होतात. तो सलाइनच्या फवाऱ्याने अलगद सोडवायचा असतो. कोरड्या गॉजवर ठेवला तर पाच मिनिटांत वाळतो. सगळेच धागे सवयीने फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, टाकले तर टीबीचे जंतू वाढवून बघण्याची संधी गेली, जिवंत पेशी ओळखणारी फ्लो सायटोमेट्री ही तपासणी गेली, ताज्या ऊतींवरच्या जनुकीय तपासण्या गेल्या. एक धागा निर्जंतुक सलाइनमध्ये टीबीसाठी, एक ताजा गोठवायला, लिम्फोमाची शंका असेल तर एक पेशी जिवंत राहतील अशा माध्यमात, बाकीचे बफर केलेल्या 10 टक्के फॉर्मलिनमध्ये. बफर नसलेलं जुनं फॉर्मलिन डीएनए खाऊन टाकतं. हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला तरी तेच. न्यूरोब्लास्टोमाच्या वर्गीकरणात विभागत्या पेशी 5,000 पेशींमागे मोजाव्या लागतात; दोन धाग्यांत तेवढ्या चांगल्या पेशी आणायच्या कुठून? पॅथॉलॉजिस्ट किंवा त्याचा सहायक खोलीत असेल, एका काचेवर ठसा घेऊन ‘जिवंत पेशी आहेत, पुरे’ किंवा ‘अजून दोन हवेत’ असं सांगत असेल, तर पुन्हा टोचायची वेळ फार क्वचित येते. हा माणूस खोलीत आणायला नवं यंत्र लागत नाही. त्याच्या कामाची वेळ तेवढी बदलावी लागते.

यावर येणारा आक्षेप रास्त आहे: नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आईबापांनी दरवेळी मुंबई, पुणे, नागपूर गाठायचं का? मजुरी बुडते, राहायची सोय नसते. जवळच्या शहरात सुई लागत असेल तर ती नाकारायची का? सहानुभूती पूर्ण आहे, हिशेब मात्र उलटा पडतो. जवळ केलेली अपुरी बायोप्सी प्रवास वाचवत नाही. ती एक सुई, एक भूल आणि काही आठवडे वाढवते, आणि प्रवास शेवटी करावाच लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी करण्यासारखं पुष्कळ आहे: सोनोग्राफी, रक्तगणना, एलडीएच, एएफपी, बीटा एचसीजी या संप्रेरकाची तपासणी, मूत्रपिंडाची तपासणी, छातीचा एक्स-रे, शक्य असेल तर उपचार केंद्राला विचारून त्यांना हवा तसा एकच सीटी, म्हणजे तोच पुन्हा काढायला नको. मुलाला विनाकारण स्टेरॉइड नाही, क्षयाचा कोर्स ‘बघू तरी’ म्हणून नाही. मग सीटीची सीडी आणि एक फोन. फोनच्या पलीकडचा सर्जन म्हणाला, की या गाठीला तिथेच, अमुक बाजूने, इतके धागे काढा, तर ती सुई जिल्ह्याच्या गावातली असूनही उपचार केंद्राचीच झाली. अशी साखळी उभारायला मोठं रुग्णालय बांधावं लागत नाही. कोणत्या गाठीसाठी कुणाला फोन करायचा, एवढं ठरलेलं असावं लागतं.

आणि बायोप्सी कुठेही झालेली असली तरी एक गोष्ट आईवडिलांनी हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नये: तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड, नुसता छापील रिपोर्ट नव्हे. रिपोर्टावर रंग लावता येत नाहीत, जनुकं तपासता येत नाहीत. ब्लॉक आधीच्या लॅबमध्ये राहिले, किंवा तिथे एकाच रंगासाठी कापून कापून संपवले, तर मोठ्या केंद्रातला पहिला दिवस पुन्हा उपाशी पोटापासून आणि भुलेच्या सहीपासून सुरू होतो.